झाकली गाडी सव्वा लाखाची?
अंगणातल्या मोटारीला आणि ट्रॅक्टरला कव्हर घालावे की नको, याचा हिशेब

गेल्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात रात्री अकराच्या सुमाराला आमच्या नात्यातल्या आत्यांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम सुटला, डावा हात जड पडला. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. पण त्याने अशाच प्रसंगासाठी आपली जुनी मोटार गावी आणून ठेवली होती. 'आईला रात्री-अपरात्री काय झालं तर सातारला न्यायला घरची गाडी असावी,' हा त्याचा हेतू. गाडी आखाडापासून अंगणात उभी होती. वर चंदेरी कव्हर, पाऊस लागू नये म्हणून त्यावर आणखी प्लॅस्टिकचा कागद, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंनी सुंभाने करकचून आवळलेली.

पुतण्या किल्ली घेऊन धावला. पावसात भिजून आवळलेल्या गाठी सुटता सुटेनात. शेवटी विळ्याने सुंभ कापला. कव्हर ओढून काढले, दार उघडले, किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं नाही. चार माणसांनी धक्का द्यायचा ठरवले, तर चाक जागचे हलेना. तोवर शेजारच्याने आपला पिकअप दारात आणून लावला. दिवसभर आल्याची पोती वाहणारा, एक दिवा फुटलेला, अंगभर चिखल माखलेला पिकअप. त्याच्या अंगावर जन्मात कधी कपडा पडला नव्हता. पहिल्याच किल्लीला तो सुरू झाला आणि आत्या वेळेत दवाखान्यात पोचल्या. आज त्या बऱ्या आहेत, चुलीपुढे बसून सुनेला भाकरी थापायच्या सूचना देत आहेत.

पण त्या रात्रीपासून त्या घरात आणि मग साऱ्या आळीत एकच वाद सुरू झाला. गाडी झाकावी की झाकू नये?

खंडेनवमीला उघडलेली गाडी

खंडेनवमीला आम्ही मुद्दाम गेलो. अवजारांची, वाहनांची पूजा करायचा दिवस. पूजेआधी गाडी सुरू व्हावी म्हणून रहिमतपूरहून फिटर बोलावला होता. चाळीस वर्षे ट्रॅक्टर, जीप आणि मोटारी उघडण्यात ज्याचे हात काळे झाले, असा हा अनुभवी माणूस. त्याने आधी गाडीला हातच लावला नाही. जमिनीवर टाकलेले कव्हर उलटे केले आणि आतली बाजू आम्हाला दाखवली. काळ्या बुरशीचे ठिपकेच ठिपके.

"बगा, गाडीला घाम आलाय," तो म्हणाला. "उघडी ऱ्हायली तर उनानं मरती, आन् कोंडली तर घामानं मरती."

मग एकेक बाहेर येऊ लागले. सीटवर पांढरी बुरशी. दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोड. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमला धरून बसलेले, कारण तीन महिने हँडब्रेक ओढलेला होता. बॉनेट उघडले तर इंजिनावर उंदराने पाचट, चिंध्या आणि कव्हरचेच तुकडे आणून घरटे केलेले. दोन वायरी कुरतडलेल्या. बॅटरी तर पार उतरलेली.

फिटरने मात्र न्यायाने बोलायचे सोडले नाही. बॅटरी उतरली हा कव्हरचा दोष नव्हे. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप हळूहळू उतरतेच. शिवाय आजकालच्या गाड्यांत घड्याळ, गजर, कुलूप अशी यंत्रे गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज खात असतात. गाडी उघडी असती तरी बॅटरी उतरलीच असती. पण गाडी उघडी असती तर येता-जाता कुणाचे तरी लक्ष गेले असते, आठवड्याला कुणीतरी एक फेरी मारून आणली असती. झाकली आणि घरची माणसे निर्धास्त झाली. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी. कव्हरचा पहिला तोटा कापडात नाही, आपल्या मनात आहे.

झाकण्यामागचे शहाणपण

याचा अर्थ कव्हर म्हणजे नुसता खुळेपणा, असे कुणी समजू नये. झाकण्यामागे शहाणपण आहे आणि ते खरे आहे.

आपल्याकडचे ऊन हा गाडीचा मोठा वैरी. फाल्गुन ते वैशाख उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा रंग विटतो. लाल रंग तर सगळ्यात आधी उडतो आणि गुलाबीसर पडतो. जुने लाल ट्रॅक्टर आठवून पाहा, म्हणजे पटेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ होतात, सीटचे रेक्झिन तडकते, दिव्यांच्या काचा पिवळट पडतात, दारांची रबरे कडक होऊन पाणी आत घेऊ लागतात. टायरचेही तसेच. वापर नसलेल्या टायरला उन्हाने बारीक बारीक चिरा पडतात. नक्षी शिल्लक असते, पण टायर म्हातारा झालेला असतो.

दुसरी गोष्ट झाडाखालची. गावात गाडी लावायला सावली म्हणजे आंबा, चिंच किंवा लिंब. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो आणि गाडीवर त्याचा थर बसतो, मग त्यावर धूळ आणि काळी बुरशी. पाखरांची विष्ठा तर रंगाला खाते. उन्हात वाळली आणि तशीच राहिली की धुतल्यावरही डाग जात नाही. अशा जागी कव्हर उपयोगाचेच. कोंबड्या टपावर बसतात, मांजरी ऊबेला बॉनेटवर झोपतात, पोरे बोटाने धुळीत नावे लिहितात, त्यांच्यापासूनही कव्हर वाचवते.

तिसरी गोष्ट गारांची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली, तिने द्राक्षबागा आणि रब्बी पिके झोपवली, ती आठवण शेतकऱ्याच्या मनातून गेलेली नाही. पातळ कव्हर गारेपुढे टिकत नाही हे खरे. पण आभाळ भरून आले की गाडीवर दोन जुन्या गोधड्या टाकून वर कव्हर ओढले, तर काच आणि पत्रा बऱ्यापैकी वाचतो. हे काम त्या वेळेपुरते. पाऊस थांबला की गोधड्या काढायच्या. ओली गोधडी गाडीवर राहिली तर गारेपेक्षा वाईट.

प्लॅस्टिकखालचा घाम

आता तोट्याकडे वळू. कव्हर वरून येणारे पाणी अडवते, हे सगळ्यांना दिसते. खालून येणारे पाणी कुणाला दिसत नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. रात्री ओल्या रानावर प्लॅस्टिकचा कागद टाकून ठेवा आणि पहाटे उलटून पाहा. पाऊस नसतानाही कागद आतून ओला असतो. जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते, कागदाला अडते, पहाटेच्या गारव्याने तिचे पाणी होते आणि ते खाली टपकते. गाडीवरच्या प्लॅस्टिकखाली रोज रात्री हेच चालते. दिवसा ऊन पडले की आतली हवा तापते, ओल पुन्हा वाफ होते आणि रात्री पुन्हा पाणी. बाहेरची गाडी पावसात भिजते आणि उघडीप मिळाली की वाळते. प्लॅस्टिकखालची गाडी एकदा भिजली की वाळतच नाही.

लोखंडाला गंजायला पाण्याची धारच लागते असे नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच राहिली, की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवा त्याच्या कितीतरी वर असते. त्यात गाडीला युरियाची, मिश्रखताची भुकटी लागलेली असेल तर विचारायलाच नको. खतातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ज्या ट्रॉलीतून खत आणले ती न धुता झाकून ठेवली, तर तिचा तळ दोन-चार पावसाळ्यांत चाळणीसारखा होतो.

ओले सोयाबीन पोत्यात भरले तर काय होते? तापते, घुमट वास येतो, बुरशी धरते. ओली गाडी प्लॅस्टिकमध्ये बांधणे आणि ओले सोयाबीन पोत्यात भरणे, दोन्ही एकच.

धूळ आणि वारा

दुसरा तोटा कोरड्या दिवसांतला. आपल्या रस्त्यांची धूळ म्हणजे बारीक वाळू. तिचा थर असलेल्या गाडीवर कव्हर ओढले, की तेच कव्हर पॉलिश पेपरचे काम करते. वारा सुटला आणि कव्हर सैल असले तर ते दिवसभर फडफडत रंग घासत राहते. कोपऱ्यावर, आरशापाशी आणि दाराच्या मुठीपाशी रंग आधी जातो. गाडी जपायला म्हणून घेतलेले कव्हरच गाडीचा रंग खाते.

म्हणून नियम सोपा आहे. आधी धुवायचे, मग वाळवायचे आणि मगच झाकायचे. रोज धुणे जमत नसेल तर रोज झाकूही नये. रोज वापरात असलेल्या गाडीला कव्हर घालण्या-काढण्याचा उपद्व्याप करण्यापेक्षा साधी सावली बरी.

एकाच जिल्ह्यात दोन मुलूख

'शेजाऱ्यानं घातलं म्हणून मी घातलं' हा न्याय इथे चालत नाही. आपल्याच सातारा जिल्ह्याचे पाहा. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आगेमागे. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे माणदेशाचा वर्षाचा पाऊस तिथे एका दिवसात झाला. या दोन मुलखांना एकच कव्हर कसे चालेल?

माण, खटाव, फलटणच्या कोरड्या भागात शत्रू आहे ऊन आणि धूळ. तिथे स्वच्छ गाडीवर हवा खेळणारे कापडी कव्हर फायद्याचे. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पट्ट्यात शत्रू आहे ओल. तिथे पावसाळ्यात गाडीला अंगालगत कव्हर घालणे म्हणजे तिला ओल्या कपड्यात गुंडाळणे. तिथे पत्र्याचे छप्पर, बाजू मोकळ्या, पडवीसारखी जागा हाच इलाज. घाट उतरून कोकणात गाडी ठेवायची असेल तर ओलीच्या जोडीला समुद्राची खारी हवाही येते. मिठाचा थर गाडीवर बसलेला असताना वरून कव्हर घालू नये. आधी गोड्या पाण्याने गाडी, विशेषतः तिची खालची बाजू, धुवून घ्यावी.

कृष्णा-कोयनेकाठच्या गावांना आणखी एक सांगणे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण पाहिला. पुराच्या पाण्यापुढे कोणतेही कव्हर टिकत नाही. पाणी चढू लागले की गाडी झाकत बसू नये, उंचावर न्यावी. आणि एकदा पाण्यात बुडालेली गाडी किल्ली फिरवून 'चालू होते का' ते बघू नये. इंजिनात पाणी असेल तर त्याच क्षणी मोठा बिघाड होतो. बॅटरीची तार काढायची आणि फिटरला गाठायचे.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी

मोटारीपेक्षा आपल्या घराचा गाडा ज्यावर चालतो तो ट्रॅक्टर. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हंगामात रात्रंदिवस पळतो आणि पावसाळ्यात महिनोन् महिने उभा राहतो. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर पहिले आठ दिवस हातचे जातात, टोळीला दिलेली उचल अंगावर पडते. म्हणून ट्रॅक्टर कसा उभा करायचा हा शोभेचा प्रश्न नाही, पोटाचा आहे.

ट्रॅक्टरचे सगळ्यात महत्त्वाचे कव्हर सगळ्यात लहान असते. ते म्हणजे सायलेन्सरच्या तोंडावर पालथा घातलेला डबा. ज्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून असतो, त्यात पावसाचे पाणी सरळ उतरते. ते पुढे उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात गेले की पिस्टन धरून बसतो आणि सारे इंजिन उघडावे लागते. फुकटातला एक डबा हजारोंचा खर्च वाचवतो. फक्त सुरू करताना डबा काढायची आठवण हवी, नाहीतर डबा उडून कुणाच्या तरी कपाळात.

दुसरे, क्लच. ओलीच्या दिवसांत महिनोन् महिने उभ्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट गंजून चिकटते. जुने जाणते लोक क्लच दाबून त्याखाली लाकडी ठोकळा अडकवून ठेवतात, ते योग्यच आहे. तिसरे, हायड्रोलिक लिफ्ट खाली सोडून ठेवावी, अवजार टांगून ठेवू नये. चौथे, डिझेलची टाकी भरून ठेवावी. टाकी अर्धी रिकामी असली की त्या रिकाम्या जागेतल्या हवेतली ओल थेंब होऊन डिझेलमध्ये उतरते आणि तळाशी पाणी साचते. पाचवे, नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, मागचा पीटीओ शाफ्ट, जिथे जिथे लोखंड उघडे चकचकते तिथे ग्रीस किंवा जुने ऑइल लावावे. लोखंडाला याहून अंगालगत कव्हर दुसरे नाही.

महिन्या-पंधरा दिवसांनी ट्रॅक्टर सुरू करावा हे बरोबर. पण 'दोन मिनिटं भुर्र करून बंद' हा प्रकार उपयोगाचा नाही. इंजिन नीट गरम होईपर्यंत ते चालले पाहिजे. अर्धवट गरम केलेल्या इंजिनात आणि सायलेन्सरात ओल साचते ती तशीच राहते. आणि कव्हर घातलेले असताना किंवा बंद खोलीत इंजिन कधीही सुरू करू नये. त्या धुरातला वायू वासावरून कळत नाही आणि माणसाचा जीव घेतो.

खळ्याची ताडपत्री गाडीवर नको

आपल्याकडे घरोघरी घडणारी एक चूक सांगितलीच पाहिजे. काही जिल्हा परिषदांच्या कृषी विभागातर्फे शेतकऱ्याला अनुदानावर ताडपत्री मिळते. ती मिळते धान्यासाठी, खळ्यासाठी. पण हंगाम संपला की ती चढते ट्रॅक्टरवर. चार महिने तिला डिझेल, ऑइल आणि ग्रीस पुसले जाते आणि दसऱ्याच्या आसपास तीच ताडपत्री सोयाबीन वाळवायला रानात जाते.

या विषयावर घरच्या बाया पुरुषांपेक्षा शहाण्या आहेत. आत्यांच्या सुनेने आमच्यादेखत दिराला सुनावले, "त्या ताडपत्रीवर घातलेला घेवडा शिजवला की राकेलासारखा वास येतोय. तुमचं काय जातंय? खायचं पोरांनी." खाण्याच्या जिनसेची ताडपत्री वेगळी आणि यंत्राची वेगळी. एकीवर रंगाने मोठी खूण करून ठेवावी, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

कापड कोणते?

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पहिली, मेण चढवलेल्या सुती कॅनव्हासची जुनी ताडपत्री. जड असते, पण थोडी हवा खेळू देते आणि वाऱ्याला बधत नाही. दोष एवढाच की ओली घडी घालून ठेवली तर कुजते. दुसरी, विणलेल्या प्लॅस्टिकची निळी-पिवळी. हलकी, स्वस्त, पाणी पक्के अडवणारी, पण हवा अजिबात न सोडणारी. शिवाय उन्हात ठेवायचे प्लॅस्टिक अतिनील किरणांना टोळ देणारी प्रक्रिया केलेले नसेल तर ते एक-दोन उन्हाळ्यांत भुगा होऊन गळते. तिसरी, गाडीच्या मापाने शिवलेली कव्हरे. यात आतून मऊ अस्तर असलेले आणि हवा खेळू देणारे कापड घ्यावे. नुसते चकचकीत आहे म्हणून घेऊ नये.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. कापड तोंडाला लावून फुंकर मारावी. थोडीदेखील हवा पलीकडे जात नसेल तर ते पावसाळ्यात महिनोन् महिने गाडीवर ठेवायचे कापड नव्हे. असे कापड घ्यायचेच असेल तर ते गाडीच्या अंगाला न चिकटवता मांडवासारखे ताणावे. चार बांबू रोवले, वर उतार ठेवून ताडपत्री ताणली आणि बाजू मोकळ्या सोडल्या, की त्याच प्लॅस्टिकचा दोष जातो आणि गुण राहतो. पत्र्याची शेड परवडत नसेल त्याला हा मांडव पुरेसा आहे.

झाकण्याआधी

ज्यांना झाकायचेच आहे त्यांनी एवढे करावे.

गाडी धुवून एक पूर्ण दिवस उन्हा-वाऱ्यात वाळू द्यावी. आतली पायपुसणी बाहेर काढावीत. खाण्याची वस्तू, धान्याचा दाणा, शेंगेचे टरफल आत राहू देऊ नये, उंदराला तेच आमंत्रण. गवताच्या गंजीजवळ, कडब्याच्या बुचाडाजवळ गाडी लावू नये. सायलेन्सर गरम असताना कव्हर घालू नये. प्लॅस्टिक वितळते, आणि जवळ वाळले पाचट असेल तर आगीलाही कारण होते.

सपाट जागी, शक्य तर फरशीवर किंवा मुरमावर गाडी लावावी. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये टाकावी आणि चाकांना दगडाची उटी लावावी. महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि बॅटरी महिन्याला एकदा चार्ज करून घ्यावी. टायरमध्ये हवा पुरी ठेवावी. कव्हर जमिनीला टेकवू नये, खाली वीतभर मोकळे ठेवावे, म्हणजे वारा आत शिरतो. आठवड्यातून एकदा, उघडीप बघून, कव्हर पूर्ण काढावे आणि दारे-खिडक्या उघडून गाडीला ऊन दाखवावे.

कव्हर काढताना काठीने आधी टोचावे. ऊबेला आणि उंदरामागे साप येतो, हे गावच्या माणसाला सांगायला नको, पण घाईत विसरायला होते.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. झाकलेल्या गाडीला कुलूप हवेच हवे. लपंडाव खेळताना पोरे गाडीत शिरतात, दार आतून उघडत नाही, आणि बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. अशाने मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. उघड्या गाडीतले मूल येणाऱ्या-जाणाऱ्याला काचेतून दिसते. कव्हरखालचे दिसत नाही. किल्ली खुंटीला नको, कपाटात हवी.

हिशेब

बऱ्याच जणांना वाटते, विमा आहे, मग काळजी कशाला? फक्त समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी गंज आणि झीज त्यात बसत नाही. तेव्हा गंजाचा पैसा आपल्याच खिशातून जायचा.

म्हणून हिशेब असा. पक्के छप्पर आणि मोकळ्या बाजू, हा पहिला नंबर. बांबूचा मांडव दुसरा. स्वच्छ गाडीवर हवा खेळणारे कापड तिसरा. नुसती उघडी, पण रोज फिरणारी गाडी चौथा. आणि धुळीने भरलेली, ओली गाडी प्लॅस्टिकमध्ये आवळून विसरून जाणे, हा सर्वांत शेवटचा. आत्यांच्या घरची गाडी बरोबर या शेवटच्या नंबरात होती, आणि तीच घरात सगळ्यांना 'नीट जपलेली' वाटत होती.

त्या दिवशी दुपारपर्यंत फिटरने ब्रेक सोडवले, वायरी जोडल्या, दुसरी बॅटरी लावली. गाडी सुरू झाली. पुतण्याने हार घातला, लिंबू ठेवले. घरातले थोरले आजोबा इतका वेळ ओट्यावर बसून सगळे पाहत होते. त्यांच्या उमेदीत त्यांच्या दावणीला खिलार बैलांच्या दोन जोड्या होत्या. ते म्हणाले, "आरं, बेंदराला बैलावर झूल घालायची, मिरवायचा आन् घरी आला की काढायची. बारा म्हैनं झूल घातलेला बैल कवा बगितलाय का? त्याच्या अंगावरनं रोज हात फिरवाय लागतोय."

आता त्या अंगणात चार बांबूंवर पत्रा आला आहे. चंदेरी कव्हर घडी करून माळ्यावर गेले आहे, ते चैत्रात खाली येईल. पुतण्या दर रविवारी गाडी रहिमतपूरच्या बाजाराला नेऊन आणतो. कधी विसरला, तर आत्याच आतून हाक मारतात, "गाडी फिरवून आणलीस का रं? का पुन्यांदा पिकअपमधनं न्यायचा इचार हाय मला?"